संत्र्याच्या सालीची पूड, फ्लॅवोनॉइड आणि बाबांची शुगर

गोकुळपेठवाली | ११ मार्च, रात्री ९:४२

मंडळी, घरात रोज यावरूनच वाजतंय, म्हणून धागा काढतेय.

बाबा ६९ वर्षांचे. टाइप टू डायबिटीसला १४ वर्षं झाली. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची जोडगोळी, रात्री नुसतं मेटफॉर्मिन. डिसेंबरात तीन महिन्यांची शुगर ७.६ आली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, चालणं थोडं वाढवा. म्हणून बाबा सकाळी अंबाझरीला फिरायला जायला लागले, आणि तिथल्या ग्रुपवर एक निरोप फिरत आला. संत्र्याच्या सालीत 'हेस्पेरिडिन' नावाचं फ्लॅवोनॉइड असतं, त्याने मधुमेह मुळापासून जातो, आणि औषध कंपन्या हे लपवून ठेवतात.

नागपुरात साली मिळवायला काय लागतं! मृग बहाराची संत्री बाजारात आहेतच. गच्चीवर आईची जुनी नऊवारी अंथरून त्यावर साली वाळताहेत. शेजारच्या काकू आपल्या घरच्याही साली पिशवीत भरून आणून देतात. मिक्सरच्या भांड्याचा वास जात नाही, परवा शेंगदाण्याच्या चटणीलाही संत्र्याचा वास आला. बाबा सकाळ-संध्याकाळ एक चमचा पूड ताकातून घेतात, आणि आता त्यांना ऑनलाइन कॅप्सूलही मागवायच्या आहेत.

तर या फ्लॅवोनॉइडमध्ये खरंच काही आहे का? असेल तर किती? आणि पुडीने नुकसान तर नाही ना होणार? "व्हॉट्सॅप विद्यापीठ" म्हणून हसू नका, हसून बाबा ऐकत नाहीत हे मी करून पाहिलंय.

तर्रीपोहे | ११ मार्च, रात्री ९:५१

हसलो नाही. फक्त चटणीचं वाचून वाईट वाटलं.

अजनी_यार्ड | ११ मार्च, रात्री १०:०५

माझी आई जांभळाच्या बियांची पूड वीस वर्षं घेत होती. शुगर होती तिथेच राहिली, पण जांभळाच्या सिझनमध्ये घरात कोणाला एक बी थुंकू द्यायची नाही. वाटी घेऊन मागे उभी.

काटोलकर | ११ मार्च, रात्री १०:३०

ताई, साल कोन्या संत्र्याची घेतली ते आधी सांगा. बागायतदार हाओ म्हणून सांगून राहिलो. बाहारात कितीक फवारे बसतात ते आमाले ठाऊक. कोळशी पडली का फवारा, फळगळ झाली का फवारा. त्यात दूरच्या गावाले जानाऱ्या मालाले कोटिंग होते, म्हंजे मेनाचा थर. आत गर खाल्ला त काही भेव नाही, साल सोलूनच खाता नं तुम्ही. पन सालच वाळवून दळून दोन दोन चमचे रोज खाल, त मंग इचार करा. घरी खायले आम्ही ज्या झाडाचं तोडतो त्याले मी शेवटचे कितीक दिवस हात लावत नाही.

गोकुळपेठवाली | ११ मार्च, रात्री १०:३८

@काटोलकर, अर्धी संत्री कळमन्याहून, अर्धी कॉपरेटिव्हसमोरच्या हातगाडीवरून. शेजारच्या काकूंची कुठली, देव जाणे. हे मनातच नव्हतं आलं. धन्यवाद.

गाळणकागद | ११ मार्च, रात्री ११:२०

रसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

फ्लॅवोनॉइड हे एक औषध नाही, ते भलंमोठं खानदान आहे. दोन बेंझीनची कडी आणि मध्ये तीन कार्बनचा पूल, एवढा सांगाडा धरून झाडं हजारो प्रकार बनवतात. लाल कांद्यातलं क्वेर्सेटिन, चहातली कॅटेचिन, जांभळाचा आणि वांग्याच्या सालीचा जांभळा रंग देणारी अँथोसायनिन, सोयाबीनमधली आयसोफ्लॅव्होन. संत्र्यात हेस्पेरिडिन भरपूर, हे निरोपातलं वाक्य खरंच आहे. पण ते जास्त असतं आतल्या पांढऱ्या शिरांत आणि फोडीच्या पापुद्र्यात. म्हणजे जो भाग नागपूरकर नखाने खरवडून, अगदी निगुतीने काढून टाकतो, तो.

परीक्षानळीत यांचा मधुमेहाशी संबंध दिसतो, तोही खरा. काही फ्लॅवोनॉइड आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे पिष्टाची साखर सावकाश होते. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी हेच करते (आणि पोटात जो गॅस होतो तो ज्याने घेतली त्याला विचारा). काहींमुळे स्नायूंच्या पेशी साखर जास्त ओढून घेतात. उंदरांमध्ये आकडे छान येतात.

अडचण पुढे आहे. हेस्पेरिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला साखरेची एक जोडी चिकटलेली असते, ती लहान आतड्यात सुटत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू ती तोडतात, मग थोडं रक्तात शिरतं, आणि यकृत त्याचं रूप लगेच बदलून टाकतं. पेशींवर प्रयोग करताना जेवढं ओततात तेवढं माणसाच्या रक्तात पोचतच नाही. ज्याच्या त्याच्या पोटातले जीवाणू वेगळे, म्हणून परिणामही वेगळे. माणसांवरच्या चाचण्या बहुतेक छोट्या आणि काही आठवड्यांच्या आहेत. कुठे थोडा फरक दिसतो, कुठे काहीच नाही. 'मुळापासून जातो' असं म्हणण्याजोगं त्यात काही नाही.

वैद्यकट्टा | १२ मार्च, सकाळी ७:१०

तुमची अडचण हीच की तुम्ही झाडातून एक रेणू काढता, तो नळीत घालता आणि मग म्हणता पोचत नाही. आपल्याकडे आयुर्वेदात प्रमेहाचे (मधुमेह त्यातलाच) वीस प्रकार सांगितलेत, कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार. प्रत्येकाचा विचार वेगळा. सरसकट सगळ्यांना संत्र्याची साल द्या असं कोणी सांगितलेलं नाही. आणि आहारविहार आधी येतो. सुश्रुतसंहितेत गरीब रुग्णाला सरळ सांगितलंय, शंभर योजनं चाल, नाहीतर विहीर खण.

तर्रीपोहे | १२ मार्च, सकाळी ७:२५

विहीर खणायची काय गरज बाप्पा, नागपुरात सगळे रस्ते आधीच खणून ठेवलेत.

गाळणकागद | १२ मार्च, सकाळी ८:०२

@वैद्यकट्टा, चालण्याबद्दल आणि विहिरीबद्दल शंभर टक्के सहमत. स्नायू कामाला लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढतात. एका रेणूचं मात्र मी म्हणत नाहीये, निरोप म्हणतोय. हेस्पेरिडिनचं नाव त्यांनीच घेतलंय.

पुण्यात_हरवलेला | १२ मार्च, सकाळी ९:४०

हेस्पेरिडिन हे नाव कुठेतरी वाचलंय असं कालपासून वाटत होतं. आत्ता कपाट उघडून पाहिलं. डायोस्मिन ४५० मिग्रॅ, हेस्पेरिडिन ५० मिग्रॅ. ही गोळी मला दोन वर्षांपूर्वी दिली होती. कशासाठी ते विचारू नका.

अजनी_यार्ड | १२ मार्च, सकाळी ९:४४

मूळव्याध.

पुण्यात_हरवलेला | १२ मार्च, सकाळी ९:४५

विचारू नका म्हटलं होतं.

स्टेथो_सदर | १२ मार्च, दुपारी २:१५

दवाखान्यातून लिहितोय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

हो, ती गोळी मूळव्याधीला आणि पायाच्या फुगलेल्या शिरांना देतात, मधुमेहाला नाही. संत्र्या-लिंबातल्या या द्रव्यांना १९३६ साली शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गींनी 'व्हिटॅमिन पी' म्हटलं होतं, रक्तवाहिन्यांशी त्यांचा संबंध दिसला म्हणून. पुढे ते व्हिटॅमिन नाही हे कळलं आणि नाव मागे पडलं. म्हणजे कोणी काही लपवलेलं नाही, नव्वद वर्षं उघड्यावर चर्चा चालू आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. मला सालीपेक्षा ग्लिमेपिराइडची काळजी आहे. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा की नका जेवू. बाबा 'नैसर्गिक' उपाय सुरू झाला म्हणून जेवण कमी करताहेत का? गोळ्या चुकवताहेत का? दोन्ही बाजूंनी घोळ होतो. एकदा डबी उघडून गोळ्या मोजा, विचारत बसू नका. आणि पूड घेताहेत हे त्यांच्या डॉक्टरांना सांगितलंय का?

कॅप्सूल नकोच. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे गृहीत धरू नका. ग्रीन टीतलं कॅटेचिन कपभर चहात निरुपद्रवी, पण त्याचाच अर्क दिवसाला ८०० मिग्रॅच्या वर गेला तर यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये तसा इशारा दिला.

वर्धा_रोड | १२ मार्च, दुपारी ३:३०

मग ग्रेपफ्रूट गोळ्यांबरोबर खाऊ नये म्हणतात ते याच फ्लॅवोनॉइडमुळे का? आणि मग संत्रं?

गाळणकागद | १२ मार्च, दुपारी ४:१०

ग्रेपफ्रूटमधला मुख्य गुन्हेगार फ्युरानोकुमारिन, ते वेगळं खानदान. त्याने कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या रक्तात वाढतात. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, त्याला ती भानगड नाही. फळ खुशाल खा.

विदर्भकन्या | १२ मार्च, सायंकाळी ६:५०

कोणी बिवळ्याच्या पेल्याबद्दल बोलत का नाही? मी एका प्रदर्शनातून आणला होता. लाकडाचा पेला, रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी चहासारखं तपकिरी होतं. उन्हात धरलं की कडेला निळी झाक मारते, ते बघण्यातच माझे पैसे वसूल झाले. सासऱ्यांनी दोन महिने प्यायले. मग पावसाळ्यात पेल्याला आतून बुरशी आली आणि बुडाला चीर गेली. आता त्यात पेन ठेवतो.

स्टेथो_सदर | १२ मार्च, रात्री ९:०५

बिवळा म्हणजे विजयसार. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात एपिकॅटेचिन हे फ्लॅवोनॉइड आहे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) चार केंद्रांवर नव्याने निदान झालेल्या रुग्णांना तो देऊन पाहिला, १९९८ मध्ये निकाल छापला. १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली.

मग आम्ही तो का लिहून देत नाही? त्या चाचणीत तुलनेला दुसरा गटच नव्हता. नुकतं निदान झालेला माणूस घाबरलेला असतो, पथ्य पाळतो, चालतो. तेवढ्यानेही साखर उतरते. श्रेय बिवळ्याचं किती आणि भीतीचं किती, हे कळायला मार्ग नाही. उलट ब्राझीलमध्ये जांभळीच्या पानांचा चहा रीतसर तुलना करून दिला तर काही फरक पडला नाही, नेहमीच्या गोळीने पडला. आणि पेल्यातून रोज किती अर्क उतरतो ते कोण मोजणार? पहिल्या आठवड्यात गडद, दुसऱ्या महिन्यात फिका.

विदर्भकन्या | १२ मार्च, रात्री ९:२०

अगदी! शेवटी नुसतं पाणीच पीत होते बिचारे.

वैद्यकट्टा | १२ मार्च, रात्री १०:००

आणि मेटफॉर्मिन कुठून आलं? झाडातूनच ना? मग झाडाला हसायचं आणि त्याचीच गोळी विकायची!

गाळणकागद | १२ मार्च, रात्री ११:४५

झाडाला कोण हसतंय? हा विषय निघालाच आहे तर बसा थोडं, माझी आवडती गोष्ट आहे.

मेटफॉर्मिनची मूळ प्रेरणा गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपातली, पण ते फ्लॅवोनॉइड नाही. त्या झुडपात गॅलेजिन असतं, ते ग्वानिडिन जातीचं, आणि चरणाऱ्या मेंढ्यांना ते चक्क विषारी. त्यावरून प्रयोगशाळेत सौम्य भावंडं तयार झाली आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी मेटफॉर्मिन रुग्णांना दिल्याचं छापलं.

पण फ्लॅवोनॉइडच्या खानदानातूनही एक औषध आलंय, आणि तेही सालीतूनच! फक्त फळाच्या नाही, झाडाच्या. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला. कडू म्हणून तापावर चालेल असं लोकांना वाटलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंगने तो कुत्र्यांना दिला तर त्यांच्या लघवीतून साखर जायला लागली. (याच मेरिंगने मिंकोव्स्कीबरोबर १८८९ मध्ये कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि मधुमेहाचा धागा तिथे सापडला.) पुढे कित्येक दशकांनी कळलं की मूत्रपिंड गाळलेली साखर परत ओढून घेतं ती वाटच फ्लोरिझिन अडवतं. पण नुसतं फ्लोरिझिन खाऊन उपयोग नाही. आतड्यातच त्याचे तुकडे होतात, आणि आतड्यातली साखरेची वाटही ते अडवतं, म्हणून पोट बिघडतं. रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूचा एक सांधा बदलला, आतड्यात तुटणार नाही असा केला, फक्त मूत्रपिंडातली वाट अडवेल असा केला. झाली डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी. शेपटीतला 'फ्लोझिन' तिथलाच. भारतात २०२० मध्ये त्याचं पहिलं पेटंट संपलं आणि गोळी एकदम स्वस्त झाली, तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी असेलच.

तेव्हा कंपन्या साल लपवत नाहीत. सालीत काही सापडलं तर आधी त्याच धावतात.

मानेवाडा_एक्स्प्रेस | १३ मार्च, सकाळी ६:३०

माझ्या गोळीचं नाव आत्ता पाहिलं. खरंच आहे की! सफरचंदाची साल खातोय म्हणायचं.

स्टेथो_सदर | १३ मार्च, सकाळी ८:१०

खाताय ती गोळीच. पाणी भरपूर प्या, आता ऊन वाढेल. उलट्या, जुलाब किंवा उपास असेल तर डॉक्टरांना विचारून ती थांबवावी लागते.

खामला_खवय्या | १३ मार्च, सकाळी १०:५५

हे सगळं ठीक, पण खायचं काय? मला गोळी नाही, काठावर आहे, तीन महिन्यांची शुगर ६.१.

स्टेथो_सदर | १३ मार्च, दुपारी १:४०

तुम्ही एकटे नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि तुमच्यासारखे काठावरचे १३ कोटी ६० लाख.

खायचं तर अख्खं फळ. अमेरिकेत १ लाख ८७ हजार लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती, २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अख्खं खाणाऱ्यांत मधुमेह कमी, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत थोडा जास्त. फ्लॅवोनॉइड रसातही असतं ना? मग फरक चोथ्याचा आणि पिण्याच्या वेगाचाही असणार. एक संत्रं खायला पाच मिनिटं लागतात आणि त्यात साधारण १०-१२ ग्रॅम साखर. ठेल्यावरच्या ग्लासात चार-पाच संत्री, दोन घोटांत आत.

आणि नुसतं फ्लॅवोनॉइड काढून दिलं तर? तेही झालंय. कोकोतलं फ्लॅव्हॅनॉल रोज ५०० मिग्रॅ, २१ हजारांहून जास्त वयस्कर लोकांवर तुलना करून. मधुमेह होण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

खामला_खवय्या | १३ मार्च, दुपारी १:५२

म्हणजे संत्रा बर्फी फळांत धरायची नाही.

काटोलकर | १३ मार्च, दुपारी २:२०

अंबाडीची लाल बोंडं खा. चटनी करा. थो लाल रंग म्हंजे सर म्हनतात तेच अँथो का काय ते असन. फकत त्यात मायच्यासारखा गुळाचा खडा नोका टाकू.

वर्धा_रोड | १३ मार्च, सायंकाळी ७:१५

अवांतर: कारलं आणि मेथी फ्लॅवोनॉइडमुळेच का?

गाळणकागद | १३ मार्च, सायंकाळी ७:४०

मुख्यतः नाही. मेथीचं बरंचसं काम तिच्यातल्या बुळबुळीत तंतूंचं. गुडमारचं जिम्नेमिक आम्लही वेगळ्या घराण्यातलं, ते पान चावून साखर खाऊन बघा, माती खाल्ल्यासारखी लागते.

गोकुळपेठवाली | १६ मार्च, रात्री ११:३०

दोन दिवस इकडे फिरकले नाही. कारण वाचा.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास आईचा ऑफिसात फोन, बाबा कसंतरी बोलताहेत. घरी पोचले तर बाबा झोपाळ्यावर, बनियन घामाने चिंब, हात थरथरताहेत, आणि चिडचिड अशी की आईला म्हणाले, "तू कोण मला विचारणारी?" इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ग्लुकोमीटर लावला तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी ९१. मग पोळी-भाजी खायला घातली.

भानावर आल्यावर पहिलं वाक्य काय असेल? "पाहिलं? साल काम करते!"

@स्टेथो_सदर, तुम्ही विचारलं होतं तेच निघालं. आठ दिवसांपासून दुपारी जेवतच नव्हते, ताकात पूड घालून तेवढंच. 'पोट हलकं असलं की जास्त लागू पडतं' असं त्याच ग्रुपवरच्या कोणीतरी सांगितलेलं. सकाळची गोळी मात्र नेमाने. आई त्यांचं ताट झाकून ठेवायची आणि ते खालच्या कुत्र्याला जायचं. कुत्रा लठ्ठ झालाय हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण का ते कोणी विचारलं नाही.

तर्रीपोहे | १६ मार्च, रात्री ११:३६

बाबा आता बरे आहेत ना? तेवढं आधी सांगा.

गोकुळपेठवाली | १६ मार्च, रात्री ११:४०

बरे आहेत. आज डॉक्टरांकडे नेलं. ग्लिमेपिराइड कमी करून दिलंय, जेवणाच्या वेळा लिहून दिल्यात, आणि पूड बंद. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची.

मानेवाडा_एक्स्प्रेस | १७ मार्च, सकाळी ६:४५

वाईट वाटून घेऊ नका, पण सालीने शुगर उतरली नाहीच असं कशावरून? थोडा हातभार असेलही.

गाळणकागद | १७ मार्च, सकाळी ७:३०

असेलही. पण गोळी घेऊन उपाशी राहिल्यावर साखर ५८ वर यायला सालीची गरज नाही, आणि सालीचा हिस्सा शोधायला बाबांवर प्रयोग करायचा नाही.

वैद्यकट्टा | १७ मार्च, सकाळी ८:२०

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच असतो, ॲलोपॅथीची कोणती गोळी चालू आहे. न सांगता दोन्ही डगरींवर पाय ठेवणारे फार. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि वेळेवर जेवायला सांगा.

स्टेथो_सदर | १७ मार्च, दुपारी ३:००

+१. या धाग्यावर वैद्यकट्टांशी सहमत होईन असं वाटलं नव्हतं.

गोकुळपेठवाली | १७ मार्च, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. आता दोन डबे पूड आणि अर्धी नऊवारी भरून साली उरल्यात, त्यांचं काय करू? आणि आज साफसफाई करताना तिसरा डबा सापडला, देवघराच्या खालच्या कप्प्यात, अगरबत्तीच्या पुड्यांमागे.

विदर्भकन्या | १७ मार्च, रात्री ९:१८

पुडीचं उटणं करा. फवारणीचं आठवून चेहऱ्याला नको, पायांना.

काटोलकर | १७ मार्च, रात्री ९:४०

झाडाच्या बुडाशी टाका, थोड्या थोड्या. अन् बाबाले घेऊन या एक दिवस बागेत. झाडावरचं तोडून देतो, पांढऱ्या शिरांसकट खाऊ द्या. दोनच पन.

गोकुळपेठवाली | १७ मार्च, रात्री १०:०५

बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. कुत्र्याचं वाचताना खाली बघत होते. येतो म्हणालेत, आणि काटोलकरांना विचारायला सांगितलंय की बागेत विहीर खणायची असेल तर फावडं आणू का.